योस्टला केलेली क्षमा

डॅरलीनला मी तिसऱ्याच दिवशी क्षमा केली, आणि खरं सांगते, त्यात माझं काही मोठेपण नव्हतं. तिच्या गाडीखाली माझी अल्मेडा गेली होती. एकोणीस वर्षांची पोर, शाळेत शिकवायची, तिथून बग्गी हाकत घरी येत होती. नोव्हेंबरातली संध्याकाळ, धुकं, वारं. बग्गीचा कंदील विझलेला. डॅरलीन नर्स आहे, दिवसपाळी संपवून घरी चालली होती. दफनाच्या दिवशी ती आमच्या अंगणात आली, ओळखीची ना पाळखीची, आणि चिखलात मटकन बसून रडायला लागली. "मला दिसलंच नाही हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला उठवून घरात नेलं, कॉफी दिली. वर्तमानपत्रवाल्यांना कुठून वास लागला कोण जाणे, त्यांनी छापलं की आमिश लोकांची, म्हणजे मोटार-विजेवाचून राहणाऱ्या आमच्या पंथाची, क्षमा बघा केवढी. अ‍ॅटलीनं, माझ्या नवऱ्यानं, तो पेपर चुलीत घातला. डॅरलीन अजून महिन्यातून एकदा येते, संत्री आणते, माझे गुडघे दाबून बघते. मला ती आवडते.

ती रडली, तिनं मागितली, मी दिली. यात अवघड ते काय? अवघड असते ती न मागणाऱ्याला द्यायची.

न मागणारा म्हणजे योस्ट. माझा धाकटा भाऊ आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, बिशप. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते, आमच्यात बिशप शिकून होत नाहीत. गीतांच्या पुस्तकांपैकी एकात चिठ्ठी लपवतात, ज्याच्या हातात ते पुस्तक येईल त्याच्या गळ्यात ते काम पडतं, मरेपर्यंत. बत्तिसाव्या वर्षी योस्टच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तेव्हा तो आमच्या गोठ्यात येऊन ढसाढसा रडला होता, मला नको म्हणून. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. मीच कडेवर घेऊन वाढवलाय त्याला. मग हळूहळू ते बिशपपण त्याला इतकं अंगवळणी पडलं की आता तो जेवायला बसला तरी मांडी ठोकून नियम सांगायला बसल्यासारखाच बसतो.

अल्मेडा जायच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. उजेड पडला की चमकते तसली पांढरी पट्टी सरकारचे रस्तेवाले फुकट वाटत होते. मी एक घेतली आणि बग्गीच्या पाठीला लावली. आमच्या मंडळीत कंदील चालतो, पट्टी चालत नाही. ती म्हणे जगाची भडक खूण. योस्टच्या कानावर गेलं, तो लगेच हजर. माझ्याच ओट्याशी बसून माझीच कॉफी प्यायला.

"सलोमा, तुझा भरवसा पट्टीवर आहे की देवावर?"

"दोघांवर आहे. देव काय पट्टीवर रुसून बसतो का?"

तो जरासा हसला. मग बाहेर गेला आणि स्वतःच्या हातानं पट्टी खरवडून काढली. सुरी त्याला अ‍ॅटलीनं आणून दिली. हे अ‍ॅटली विसरलेला नाही. अल्मेडा गेल्यावर एका सकाळी धार काढता काढता तो मध्येच थांबला, म्हणाला, "सुरी मी दिली गं." बादलीवर डोकं टेकून रडला. त्यालाही मी तिथल्या तिथे क्षमा केली. पण योस्टनं दफनाच्या वेळी प्रवचन दिलं, देवाची इच्छा म्हणाला, पट्टीचं अवाक्षर काढलं नाही.

आमची प्रार्थना मुकी असते. ताटावर बसलो की सगळे मान खाली घालतात आणि मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणतात. घरधनी मान वर करतो, मग बाकीचे. त्या प्रार्थनेत एक ओळ आहे, जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. ती ओळ मी गाळायला लागले. खोटं कशाला बोलायचं, तेही देवाशी? त्यामुळे माझी प्रार्थना सगळ्यांच्या आधी उरकायची आणि मी बाकीच्यांचे टाळू बघत बसायचे. अ‍ॅटलीच्या लक्षात आलंच.

"तुझं हल्ली लवकर होतं," तो एकदा म्हणाला.

"भूक लागलेली असते," मी म्हटलं.

घरात हे खपून गेलं. मंडळीत खपणारं नव्हतं. वर्षातून दोनदा आमच्यात प्रभुभोजन होतं आणि त्याच्या दोन आठवडे आधी सल्लासभा बसते. डीकन एमरी, बिशपचा मदतनीस, बाकांमधून फिरतो आणि एकेकाला हळूच विचारतो, देवाशी आणि माणसांशी तुझा मेळ आहे का? सगळ्यांचा मेळ असेल तरच प्रभुभोजन. एकाचा जरी नसला तरी सगळ्यांचं थांबतं. वसंतातल्या सभेत एमरी माझ्यापाशी वाकला आणि मी सांगितलं, "नाही." त्याला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. सत्तर माणसांची भाकर आणि द्राक्षारस माझ्या एका शब्दानं अडला.

तेव्हापासून जो तो मला समजवायला यायचा, नाहीतर टोमणा मारायला. सप्टेंबरात आम्ही बायका सफरचंदं आटवत होतो, तांब्याच्या हंड्यात, आळीपाळीनं ढवळत. मालिंडा, एमरीची बायको, माझ्याजवळ सरकली.

"नीट ढवळ सलोमा, तळाला लागतंय. तुझं हल्ली सगळंच तळाला लागतं."

"तळाला लागलेलं निदान वासानं कळतं, मालिंडा. तुझं वरच्यावर उतू जातं."

बायका हसल्या, पण माझ्या बाजूनं कुणी हसलं नाही. कारण शरद ऋतूचं प्रभुभोजन झाल्याशिवाय आमच्यात लग्नं जाहीर होत नाहीत, आणि त्या वर्षी चार लग्नं खोळंबली होती. त्यातलं एक माझ्याच ओर्फाचं. ओर्फा माझी थोरली, बावीस वर्षांची, इनोसशी तिचं ठरलेलं. ती कधी वर मान करून बोलणारी नाही. त्या दिवशी हंडा घासता घासता म्हणाली, "आई, अल्मेडा माझी पण बहीण होती."

"मी कुठं नाही म्हणते."

"मग दोन शब्द म्हण ना. खोटे तर खोटे. माझं आयुष्य का अडवतेस?"

गेलेल्या लेकीसाठी मी जिवंत लेकीचा गळा धरून बसले होते, हे मला दिसत होतं. दिसूनही सोडवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी योस्ट आला. टोपी मांडीवर ठेवून बसला. दाढीत पांढरं बरंच दिसायला लागलं होतं.

"येत्या सभेत तू गुडघे टेकायचे," तो म्हणाला. "मनात अढी धरली, मंडळीला अडवलं, यासाठी क्षमा मागायची. मग सगळं मिटेल."

"मी मागायची?"

"अढी कुणाच्या मनात आहे?"

"आणि तू कधी मागणार?"

"कशाबद्दल? नियम मी केलेला नाही. आजोबांच्या आधीपासूनचा आहे. मी नियमाला जागलो."

"सुरी तुझ्या हातात होती, योस्ट."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "सलोमा, ती ओळ म्हटल्याशिवाय तुझी बाकीची प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही. वर्ष होत आलं. तू प्रार्थनेवाचून जगतेयस. मला याची काळजी वाटते." आणि मग उठता उठता म्हणाला, "मी तर तुला केव्हाच क्षमा केलीय."

हे वाक्य त्यानं माझ्या तोंडावर मारायला म्हटलं नसेल. तो खरंच तसं समजत होता, आणि म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो गेल्यावर मी ओट्यावरचा त्याचा कप धुतला नाही, तसाच उचलून परसात भिरकावला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक धड कप फोडला.

पण रागात डोकं चांगलं चालतं कधीकधी. आमचा एक नियम आहे. कुणी क्षमा मागितली तर नाही म्हणता येत नाही, द्यावीच लागते. आणि मंडळीसमोर एकदा क्षमा झाली की ती गोष्ट संपली. तिच्याबद्दल पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. जो उकरून काढेल तो पापी. यामुळे आमच्यात भांडणं लवकर मिटतात असं म्हणतात. मिटतात की नाही माहीत नाही, ऐकू येत नाहीत एवढं खरं.

ऑक्टोबरात सभा भरली, रोमन यॉडरच्या कोठारात. एमरीनं वाकून विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मेळ आहे. पण मला सगळ्यांसमोर बोलायचंय." त्याचा चेहरा उजळला. योस्टनं मला पुढं बोलावलं. मी गुडघे टेकले. फळ्या गार होत्या, खालून गाईंचा वास येत होता. सगळ्यांना ठाऊक होतं मी काय म्हणणार. मी चुकले, देवाची आणि मंडळीची क्षमा मागते. ठरलेले शब्द असतात ते.

मी म्हटलं, "योस्टनं माझ्या बग्गीवरची पट्टी स्वतःच्या हातानं काढली. पट्टी असती तर त्या बाईला बग्गी दिसली असती. माझी अल्मेडा आज असती. हे जे योस्टनं केलं, ते मी त्याला क्षमा करते. मनापासून करते. आता माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही."

मी मान वर केली. योस्टचे कान लाल झाले होते, लहानपणी चोरून साखर खाताना सापडला की व्हायचे तसे. तो बोलायला लागला असता, पण बोलणार काय? क्षमा केली, असं मी म्हटलं होतं. क्षमा नाकारायची म्हणजे मंडळीच्या मुळावरच घाव. आणि माझी चूक नव्हती असं म्हणायचं, तर मिटलेली गोष्ट उकरल्यासारखं. मी त्याचं तोंड कायमचं बांधलं होतं, तेही देवाच्या दोरीनं. त्यानं माझा हात धरून मला उठवलं. "देवाची कृपा," तो म्हणाला, त्या वेळी म्हणायचं असतं तेच. तो इतका गडबडला होता की दुपारी नियम वाचायचे असतात, ते त्यानं भराभर, चष्मा न लावता उरकले.

मला फार बरं वाटलं. लपवत नाही. घरी येताना अ‍ॅटलीनं लगाम सैल सोडला आणि म्हणाला, "ती क्षमा नव्हती, सलोमा."

"शब्द तर तेच होते."

"हो," तो म्हणाला, आणि त्यानं लगाम पुन्हा आवळला.

प्रभुभोजन झालं, लग्नं जाहीर झाली, नोव्हेंबरात ओर्फाचं लग्न लागलं. तीनशे माणसं जेवली. ताटावर मी पूर्ण प्रार्थना म्हणायला लागले, ती ओळसुद्धा, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं मान वर करू लागले. मनाला टोचायचं थोडं, पण पोर सुखात होती.

डिसेंबरात एका संध्याकाळी ओर्फा आणि इनोस त्यांच्या घरी परतत होते. मागून एक ट्रक आला. चालकाला बग्गी अगदी शेवटच्या क्षणी दिसली. त्यानं गाडी वळवली, तरी एक चाक उडालं आणि दोघं खड्ड्यात पडली. ओर्फाचा खांदा निखळला. तिला दिवस गेले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाळ वाचलं, देवाची दया. डॅरलीन तिच्या खाटेशी दिवसभर बसली होती. जाताना मला म्हणाली, "सलोमा, काहीतरी लावा हो मागं. हात जोडते."

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर इनोस मंडळीसमोर उभा राहिला. लाजाळू पोरगा, कधी बोलत नाही. म्हणाला, "त्या पट्ट्यांचा एकदा विचार..."

एमरीनं त्याला तिथंच थांबवलं. "इनोस, पट्टीची गोष्ट सलोमानं मिटवली आहे. क्षमा होऊन गेली आहे. ती आता काढता येत नाही."

इनोसनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मग त्यानं क्षमा मागितली आणि तो खाली बसला. मंडळीनं त्याला लगेच क्षमा केली, आमच्यात उशीर होत नाही. मी दोरी योस्टच्या तोंडाला बांधली असं समजत होते. ती माझ्या लेकीच्या गळ्यात होती.

सोमवारी सकाळी योस्ट आला. कॉफी नको म्हणाला. त्यानं कोटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या अक्षरात लिहिलेला नियम होता. प्रत्येक बग्गीच्या मागं एक पांढरी पट्टी चालेल, वीतभर रुंद. खाली तारीख ऑक्टोबरातल्या सभेची.

"त्या दिवशी दुपारी वाचणार होतो," तो म्हणाला. "उन्हाळ्यात शेजारच्या दोन बिशपांकडे जाऊन आलो, त्यांना राजी केलं. आधी तू गुडघे टेकणार, मग मी नियम बदलणार. म्हणजे कुणी म्हणायला नको, योस्ट बहिणीपुढं वाकला."

"सप्टेंबरात माझ्या समोर बसला होतास. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ती अट झाली असती. अट घालून क्षमा होत नाही."

"आणि नियम का नाही वाचलास?"

"तू पट्टीचं नाव घेऊन क्षमा केल्यावर? मी लगेच पट्टी आणली असती तर त्याचा एकच अर्थ झाला असता. पोरीला मी मारलं असा."

"मग?" मी म्हटलं.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि स्वतःच्याही. माझा भाऊ कुणापुढं वाकायला नको म्हणून थांबला, आणि मी त्याला वाकवायचं म्हणून घाई केली. दोघांनी मिळून ओर्फाला खड्ड्यात लोटलं. एकाच आईची पोरं आम्ही, शंका नको.

"काही वाट आहे का?" मी विचारलं.

"एक आहे. ती क्षमा खोटी होती असं तू मंडळीसमोर कबूल केलंस तर गोष्ट मिटली नव्हती असं ठरतं. मग ती परत उघडता येते. मग मी हे वाचू शकतो." तो बोटानं कागदाची कड चाचपत होता. "पण खोटी क्षमा म्हणजे देवासमोर खोटं. सहा आठवडे तुला मंडळीबाहेर ठेवावं लागेल. वेगळ्या मेजावर जेवण. ओर्फाला तुझ्या हातून भांडंसुद्धा घेता येणार नाही."

"म्हणजे शेवटी गुडघे मीच टेकायचे."

"हो."

"एमरी विचारेल, खोटी क्षमा का केलीस."

"विचारेल."

"भावाला सगळ्यांदेखत दुखवायचं होतं, असं सांगेन. खरं तेच आहे."

योस्टनं डोळे मिटले. बाहेर अ‍ॅटली लाकडं फोडत होता. मी कागद उचलून परत त्याच्या हातात दिला. "रविवारी," मी म्हटलं. "चष्मा विसरू नकोस."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. टोपी दोन्ही हातांत धरलेली. माझ्याकडे वळला. "सलोमा," तो म्हणाला, "त्या सुरीबद्दल मला तुझी..."

तेरा महिने मी या एका वाक्याची वाट पाहिली होती. चुलीपाशी, गोठ्यात, अल्मेडाच्या थडग्यापाशी. मी पुढं झाले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आता नको," मी म्हटलं. "आता मागितलीस तर मला द्यावी लागेल. मी खरंच देईन, योस्ट. मग ऑक्टोबरातली ती खोटी क्षमाच खरी होऊन बसेल, आणि रविवारी माझ्याकडे कबूल करायला काही उरणार नाही."

त्याचे डोळे भरले. त्यानं मान हलवली, तोंड मिटलं आणि टोपी घालून पायऱ्या उतरला. नंतर त्यानं ते पुन्हा कधी म्हटलं नाही.